डिजिटल सोनं की हातातलं सोनं: तिजोरीत सोनं आहे, पण तिथपर्यंतचा रस्ता कुणाच्या हातात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बचतीतला काही भाग सोन्यात ठेवायचाय, तर डिजिटल सोन्याचं चलन घ्यावं (खात्यात ग्रॅममध्ये शिल्लक दिसते ते, किंवा सोन्याचे टोकन) की सरळ नाणी-बिस्किटं घेऊन स्वतःकडे ठेवावीत? कंपनीचं ऑडिट होतं, शंभर टक्के सोनं तिजोरीत असल्याचं सर्टिफिकेट आहे, दोन मिनिटांत कुणालाही पाठवता येतं, चोरीची भीती नाही, मग घरात धातू ठेवायची कटकट कशाला? आणि जाता जाता चांदीचं काय, तेही विचारलंय.

मी बुलियनच्या, म्हणजे सोन्या-चांदीच्या बार-नाण्यांच्या, धंद्यात पंचवीस वर्षं काढलीयेत. आधी डीलिंग डेस्कवर होतो, नंतर तिजोऱ्यांमधल्या मोजणीवर, म्हणजे बार लिस्ट हातात घेऊन एकेका बारवरचा नंबर ताडून बघायचा, वजन करायचं, सही करायची. आणि डिजिटल सोन्याची खाती मी अगदी सुरुवातीच्या काळापासून स्वतः वापरलीयेत, त्यात फायदाही झालाय आणि एकदा चांगला अडकलोय पण. म्हणून मी डिजिटलच्या विरोधात आहे असं समजू नका. फक्त एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायचीये, कारण दर वेळी लोक तिथेच फसतात.

सगळे विचारतात, "सोनं खरंच आहे का?" विचारायलाच हवं. पण हा अर्धा प्रश्न झाला. उरलेला अर्धा असा की सोनं आहे हे मान्य, पण ते माझ्या हातात येण्यासाठी मधे किती जणांनी "हो" म्हणावं लागतं? नाण्याच्या बाबतीत उत्तर आहे शून्य. डिजिटलमध्ये मोजायला बसा, कंपनी, तिची तिजोरी चालवणारी दुसरी कंपनी, पैसे पोचवणारी बँक, कंपनी जिथे नोंदलेली आहे त्या देशाचा नियामक, आणि कंपनीच्या मालकाचं वैयक्तिक आयुष्य सुद्धा. यातला एक जरी "थांबा" म्हणाला तरी तुमचे ग्रॅम स्क्रीनवर दिसत राहतात आणि तुम्ही बघत बसता.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ई-गोल्ड. १९९६ साली डग्लस जॅक्सन नावाच्या अमेरिकन कॅन्सरतज्ज्ञाने बॅरी डाउनी या वकिलाबरोबर हे सुरू केलं, कंपनी कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर नोंदलेली आणि कारभार फ्लोरिडातून. कल्पना खरंच सुंदर होती. खात्यात डॉलर नाही, सोन्याचं वजन. मी तुम्हाला दोन ग्रॅम पाठवले की ते त्याच क्षणी तुमचे, परत फिरवता येत नाहीत, मधे बँक नाही, आणि मागे तिजोरीत तेवढं सोनं ठेवलेलं. डॉलर देऊन ग्रॅम घ्यायचे किंवा ग्रॅम देऊन डॉलर घ्यायचे तर स्वतंत्र एक्स्चेंजर होते, त्यांचं कमिशन वेगळं. २००६ च्या सुमारास वर्षाला दोन अब्ज डॉलरहून जास्त किमतीचे व्यवहार यातून होत होते, आणि मागे सोनं होतं तीन टनांच्या थोडं वर. म्हणजे तोच ग्रॅम वर्षात पंचवीस-तीस वेळा हात बदलत होता, इतकं ते चलन म्हणून चालत होतं.

आणि तेच नडलं. खातं उघडायला ओळख पटवायची गरज जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे भामटेही आले, चोरलेल्या क्रेडिट कार्डांचा धंदा करणारेही आले, गुंतवणुकीच्या नावाखाली लोकांना लुटणाऱ्या स्कीमवालेही आले. २००५ च्या डिसेंबरमध्ये छापा पडला, २००७ च्या एप्रिलमध्ये आरोपपत्र जाहीर झालं. कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही पैसे पाठवतच नाही, आम्ही सोन्याची मालकी बदलतो, मग मनी ट्रान्समिटरचा (लोकांचे पैसे इकडून तिकडे पाठवणाऱ्याचा) परवाना आम्हाला का लागेल. कोर्टाने ते मानलं नाही. जुलै २००८ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, नोव्हेंबरमध्ये जॅक्सनना शिक्षा झाली, तुरुंग टळला पण सहा महिने घरातच स्थानबद्धता आणि ३०० तास समाजसेवा.

आता लक्ष देऊन वाचा. या सगळ्या प्रकरणात "सोनंच नव्हतं" असं निघालं नाही. सोनं होतं! ज्या एका गोष्टीची लोक वर्षानुवर्षं काळजी करत होते ती बरोबरच निघाली. पण प्रामाणिक खातेदारांना त्याचा उपयोग काय झाला, तर खाती थांबली, एक्स्चेंजर बंद पडले, आणि शेवटी जे परत मिळालं ते काही वर्षांनी, क्लेम भरून, ओळख पटवून, आणि तेही डॉलरमध्ये. ज्या माणसाने डॉलरवर विश्वास नाही म्हणून सोनं घेतलं होतं त्याला परत डॉलरच मिळाले. मला हे आजही टोचतं, कारण त्यात माझ्या ओळखीची साधी माणसं होती ज्यांनी वाकडं काहीच केलेलं नव्हतं.

बाकीच्यांचं काय झालं तेही बघा. ई-बुलियन म्हणून दुसरी सेवा होती, तिच्या मालकावर २००८ मध्ये स्वतःच्या बायकोचा खून घडवून आणल्याचा आरोप झाला, सेवा बंद पडली, २०११ मध्ये त्याला फाशीची शिक्षा सुनावली गेली. आता सांगा, कुठल्या ऑडिटमध्ये ही जोखीम दिसणार होती? अमेरिकेतले लिबर्टी डॉलर या खासगी चलनावाले तर खऱ्या चांदीच्या मुद्रा बनवायचे आणि तिजोरीतल्या धातूच्या पावत्या द्यायचे, नोव्हेंबर २००७ मध्ये छापा पडला तेव्हा त्यांच्या ऑफिसबरोबर टांकसाळीत ठेवलेला धातूही जप्त झाला, म्हणजे ज्यांच्या हातात पावती होती त्यांचा धातू सरकारच्या ताब्यात आणि ज्यांच्या हातात मुद्रा होती त्यांच्याकडे मुद्रा. गोल्डमनी हे सगळ्यात शिस्तीचं नाव, जेम्स टर्क यांनी २००१ मध्ये जर्सी बेटावरून सुरू केलेलं, नियम पाळणारं, ओळख तपासणारं, तर त्यांनी सुद्धा २०१२ च्या सुरुवातीला ग्राहकांनी एकमेकांना सोनं पाठवायची सोय बंद केली, कारण नियम पाळायचा खर्च परवडेना. साठवणूक चालू राहिली, चलन संपलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात शिकण्यासारखी घटना हीच आहे, कारण इथे कुणीही चोर नव्हतं.

म्हणून मी पहिली गोष्ट ही सांगतो की "डिजिटल सोनं" या एका शब्दात दोन वेगवेगळे धंदे कोंबलेत, एक सोनं सांभाळायचा आणि दुसरा पैसे इकडून तिकडे पाठवायचा. सांभाळायचा धंदा जुना आहे आणि नीट केला तर चालतो. पाठवायचा धंदा जितका यशस्वी होतो तितका तो सरकारच्या डोळ्यावर येतो, कारण कुठलंच सरकार आपल्या चलनाशेजारी दुसरं चलन आणि तेही नजरेआड चालू देत नाही. तुम्हाला बचत करायचीये ना? मग पाठवता येतं या सोयीसाठी तुम्ही जी जोखीम घेताय ती तुम्हाला नकोच आहे मुळात.

आता दुसरा प्रकार, जिथे सोनंच नसतं. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला बुलियन डायरेक्ट म्हणून कंपनी होती, ऑनलाइन धातू विकायची आणि ग्राहकांचा धातू सांभाळायची पण. २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा कळलं की ग्राहकांच्या खात्यावर दिसणारा बहुतेक धातू जागेवर नाहीच, पुढे संस्थापकाला तुरुंगवास झाला. हे असं आजच्याच काळात होतं असंही नाही. ॲमस्टरडॅमची विसेलबँक १६०९ मध्ये सुरू झाली, व्यापारी तिथे नाणी आणि धातू जमा करायचे आणि वहीतल्या नोंदीने एकमेकांचे हिशेब चुकते करायचे, म्हणजे आजचं डिजिटल सोन्याचं चलनच, फक्त कॉम्प्युटरऐवजी वही. दीडशेहून जास्त वर्षं त्या वहीतल्या पैशाला प्रत्यक्ष नाण्यांपेक्षा जास्त भाव मिळायचा, इतका विश्वास. मग बँकेने डच ईस्ट इंडिया कंपनीला आणि शहराला गुपचूप कर्जं दिलेली होती ते अठराव्या शतकाच्या शेवटी उघड झालं, जास्तीचा भाव जाऊन उलट बट्टा लागायला लागला, आणि १८१९ मध्ये बँक गुंडाळली गेली. दोन शतकांचं नाव असलेली संस्था होती ती. नोंद ठेवणाऱ्याच्या हातात धातू असला की कधी ना कधी त्याला तो वापरायचा मोह होतो, एवढंच यातून घ्या.

मग ऑडिटचं काय? ऑडिट चांगलंच, मी स्वतः ते काम केलंय म्हणून सांगतो त्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही. लंडन गुड डिलिव्हरीचा, म्हणजे लंडनच्या घाऊक बाजारात चालणारा प्रमाणित बार ३५० ते ४३० ट्रॉय औंसांचा असतो (एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम), साधारण साडेबारा किलोचा धरा, किमान शुद्धता हजारात ९९५, त्यावर रिफायनरीचा शिक्का, सिरीयल नंबर, शुद्धता, वर्ष. आम्ही जातो, लिस्टप्रमाणे नंबर बघतो, काही बार काढून वजन करतो, सही करतो. म्हणजे त्या दिवशी त्या खोलीत ते बार होते एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो. पण ते बार कुणाचे? कुठे गहाण आहेत का? दुसऱ्या कुणालाही हेच बार दाखवलेत का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच दिवशी, त्याच वेळी सगळ्या ग्राहकांच्या खात्यांवर मिळून किती ग्रॅम देणं होतं? ही शेवटची बाजू मोजली नसेल तर सर्टिफिकेटला काही अर्थ नाही, एका पारड्यात वजन टाकून तराजू बघण्यासारखं आहे ते. मी अशा ठिकाणी गेलोय जिथे मला बार दाखवले, चहा दिला, आणि देण्याचा आकडा मागितल्यावर "तो दुसऱ्या टीमकडे असतो" म्हणून सांगितलं. मी रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहिलं, पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही.

म्हणून कंपनीच्या अटी वाचताना एकच शब्द आधी शोधा, अलोकेटेड. अलोकेटेड म्हणजे अमुक नंबरचा बार किंवा त्यातला अमुक हिस्सा कायद्याने तुमचा, कंपनी बुडाली तरी तो घेणेकऱ्यांच्या (ज्यांचं कंपनीकडे येणं आहे त्यांच्या) वाटणीत जात नाही, जायला नको. अनअलोकेटेड म्हणजे कंपनी तुम्हाला सोनं देणं लागते, बस, तुम्ही रांगेतले एक घेणेकरी. कितीतरी ठिकाणी जाहिरातीत "तुमचं सोनं" लिहिलेलं असतं आणि अटींमध्ये बाराव्या पानावर अनअलोकेटेड. साठवणुकीची फी नाही असं कुणी सांगितलं की मी लगेच तिथे बघतो, कारण तिजोरी, विमा, माणसं यांना खर्च येतोच, तो तुम्ही देत नसाल तर तुमचं सोनं कुणाला तरी वापरायला देऊन काढला जात असणार.

माझं स्वतःचं सांगतो. एका छोट्या डिजिटल सोन्याच्या कंपनीत माझी बऱ्यापैकी शिल्लक होती, नाव सांगत नाही. एक दिवस ईमेल आला की आम्ही सेवा बंद करतोय, तीस दिवसांत शिल्लक काढून घ्या. सोन्यात काढायची तर किमान मर्यादा माझ्या शिल्लकीच्या कितीतरी वर, म्हणजे पैशातच घ्यायची. त्यांनी भाव लावला तो बाजारभावापेक्षा खाली, ठीक आहे म्हटलं. पैसे पाठवले तर माझ्या बँकेने अडवले, हे कुणाकडून आले, कसले आले, कागद आणा. कंपनीकडे कागद मागायला गेलो तर तिथला सपोर्ट बंद झालेला. सात महिने लागले. पैसे मिळाले, बुडाले नाहीत, पण त्या सात महिन्यांत मला शिकायला मिळालं की मी "सोनं" म्हणून जे धरून बसलो होतो ते म्हणजे अनोळखी माणसांनी माझ्या ईमेलला उत्तर देण्याचं एक आश्वासन होतं. कंपनी बेईमान नव्हती तरी हे झालं हे लक्षात घ्या.

नवीन टोकनचं वेगळं आहे का? थोडं आहे. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅक्सोस कंपनीने पॅक्स गोल्ड आणलं, २०२० मध्ये टेदर गोल्ड आलं, दोन्हींत एक टोकन म्हणजे एक ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅम. तुमच्या टोकनमागे कुठल्या नंबरचा बार आहे ते बघता येतं, आणि नोंद ब्लॉकचेनवर (कुणालाही बघता येणाऱ्या सामायिक डिजिटल वहीत) असल्यामुळे एकूण किती टोकन बाहेर आहेत हे कुणालाही मोजता येतं, म्हणजे ती देण्याची बाजू जी मला दाखवली जात नव्हती ती इथे उघडी असते. ही खरंच मोठी सुधारणा आहे आणि मी ती मनापासून मानतो. पण प्रत्यक्ष बार हवा तर सुमारे ४३० टोकन लागतात, त्यापेक्षा कमी असलं तर व्यवहारात पैसेच घ्यायचे. दोघांनाही एखाद्या पत्त्यावरचे टोकन गोठवायचा अधिकार आहे, कायद्याने सांगितलं की त्यांना ते करावं लागतं. टोकन रविवारी रात्री पण विकता येतो पण सोन्याचा मुख्य बाजार तेव्हा बंद असतो, त्यामुळे गडबडीच्या शनिवार-रविवारी भाव खऱ्या सोन्यापासून सुटू शकतो. आणि किल्ली (टोकन हलवायला लागणारा तुमचा गुप्त कोड) हरवली की टोकन गेला, तिथे कुणाला फोन करायचा नसतो. रस्ता रुंद झालाय पण फाटक अजून दुसऱ्याच्याच हातात आहे.

आता हातातल्या धातूचं खरं खरं सांगतो, कारण त्याचे भक्त पण अर्धीच गोष्ट सांगतात. पहिला फटका खरेदीतच बसतो. एक ग्रॅमच्या तुकड्यावर बाजारभावापेक्षा दहा टक्के किंवा जास्त सुद्धा जातात, एका औंसाच्या प्रसिद्ध नाण्यावर साधारण तीन ते सहा, मोठ्या बिस्किटावर अजून कमी, आणि विकताना परत थोडं कमी मिळतं. म्हणून वर्षभरात विकायचं असेल तर प्रत्यक्ष धातू घेऊच नका. छोटे छोटे तुकडे "अडीअडचणीला उपयोगी पडतील" म्हणून घेणारे लोक मी खूप बघितलेत, ते दहा ग्रॅमसाठी अकरा ग्रॅमचे पैसे देतात.

दुसरं, काय घ्यायचं. जगात कुठेही ओळखलं जाईल असं घ्या. दक्षिण आफ्रिकेचं क्रुगररँड हे नाणं १९६७ पासून आहे, कॅनडाचं मेपल लीफ १९७९ पासून, अमेरिकन ईगल १९८६ पासून, ऑस्ट्रियाचं फिलहार्मोनिक १९८९ पासून. क्रुगररँड २२ कॅरेटचं असल्यामुळे त्याचं वजन ३३.९३ ग्रॅम भरतं आणि त्यात शुद्ध सोनं बरोबर एक औंस, मेपल लीफ शुद्ध असल्यामुळे ३१.१ ग्रॅमच भरतं. हे माहीत नसलेले लोक क्रुगररँडला "भेसळ" म्हणून नाकं मुरडतात, उलट तांब्यामुळे ते कडक असतं आणि हाताळताना ओरखडे कमी पडतात. मी एकदा एका फारशा माहीत नसलेल्या रिफायनरीचे बार थोडे स्वस्त मिळाले म्हणून घेतले, विकायला गेलो तर घेणाऱ्याने वितळवून तपासायचा खर्च आणि घट दोन्ही कापले, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. वाचवलेल्या पैशाच्या तिप्पट गेले.

तिसरं, खोटं सोनं. सोन्याची घनता १९.३ आणि टंगस्टनची १९.२५, इतकी जवळ की वजन आणि आकार दोन्ही जुळवून आत टंगस्टन भरलेला बार बनवता येतो. दुकानातलं एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू तपासणारं) मशीन फक्त वरचा थर वाचतं, आत काय आहे ते त्याला कळत नाही, मोठ्या बारसाठी अल्ट्रासाउंड लागतं. नाण्याचं सोपं असतं, वजनकाटा आणि कॅलिपर (जाडी-व्यास मोजायचं साधन) घ्या, शिशाची घनता ११.३ आहे म्हणजे वजन बरोबर आणायचं तर नाणं जाड करावं लागतं आणि जाडी लगेच पकडली जाते. आणि टंगस्टन ठिसूळ असल्यामुळे त्याचं चांगलं नाणं पाडणं अवघड जातं. घरी ठेवायला मी बिस्किटापेक्षा नाणं सांगतो त्याचं हे एक कारण.

चौथं म्हणजे ठेवायचं कुठे, आणि इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. घरात ठेवलं तर चोरीची भीती आहे, आणि त्याहून मोठी भीती तोंडाची. तुम्ही सांगितलं नाही तर कुणाला कळत नाही. लॉकर चांगला, पण बँकेच्या लॉकरमधल्या वस्तूंचा विमा बहुतेक वेळा आपोआप नसतो आणि बँक बंद असेल तर लॉकरही बंद. आणि कायद्यापासून प्रत्यक्ष सोनं पूर्ण सुटलेलं आहे असंही नाही. ५ एप्रिल १९३३ ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला, लोकांनी सोन्याची नाणी, बार, सर्टिफिकेटं १ मेपर्यंत जमा करायची, औंसाला २०.६७ डॉलर मिळतील, दागिने आणि माणशी १०० डॉलरपर्यंतची नाणी वगळून. पुढच्या वर्षी सरकारने भाव केला ३५ डॉलर. अमेरिकन माणसाला परत मोकळेपणाने सोनं बाळगायला १९७४ चा ३१ डिसेंबर उजाडला. पण फरक बघा, बँकांकडे पडलेलं सोनं सहज सरकारकडे गेलं, घरातलं सोनं लोकांनी स्वतः आणून द्यायचं होतं. मी कायदा मोडा असं अजिबात म्हणत नाहीये. फक्त दूरच्या संस्थेतली नोंद एका सहीने थांबते आणि हातातलं थांबवायला फार जास्त कष्ट पडतात, एवढाच मुद्दा.

आणि पाचवं, ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, तुमच्यानंतर काय? लपवलेलं सोनं घरच्यांना माहीतच नसणं आणि डिजिटल खात्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नसणं, दोन्ही मी बघितलंय, दोन्हींत कुटुंबाला शून्य मिळालं. एका माणसाला तरी जागा आणि संख्या माहीत पाहिजे, लिहून ठेवलेली पाहिजे.

आता तुमच्यासाठी काय, तर माझं मत सरळ आहे. जे सोनं तुम्ही दहा वर्षं हलवणार नाही, ज्याच्यासाठी मुळात सोनं हवंय, ते प्रत्यक्ष घ्या, एका औंसाची किंवा अर्ध्या औंसाची ओळखीची नाणी, पावत्या जपून, दोन जागी विभागून. ते इतकं झालं की घरात ठेवताना झोप लागत नाही, तर त्यापुढचं अलोकेटेड पद्धतीने, तुमच्या नावावर, बँकेशी संबंध नसलेल्या तिजोरीत, आणि जमलं तर तुम्ही स्वतः जाऊन उचलू शकाल अशा ठिकाणी. डिजिटल चलनात किंवा टोकनमध्ये फक्त तेवढंच ठेवा जे सहा महिने अडकलं तर तुमचं घर चालायला अडचण येणार नाही. ते पाठवायला, विकायला, घाईच्या वेळी भाव पकडायला उत्तम आहे, मी अजूनही त्यासाठी वापरतो.

आणि कुठल्याही कंपनीत मोठी रक्कम घालायच्या आधी छोटी रक्कम घालून ती काढून बघा. विकून पैसे बँकेत येईपर्यंत, आणि सोय असेल तर छोटं नाणं किंवा बार मागवून दारात येईपर्यंत. किती दिवस लागले, किती कापले, किती वेळा ओळख मागितली, सगळं लिहून ठेवा. लोक आत जायचा दरवाजा तपासतात, तो सगळीकडे चकचकीतच असतो. ही एक चाचणी मी स्वतः वेळेवर केली असती तर ते सात महिने वाचले असते.

राहिली चांदी, आणि इथे माझं उत्तर जरा उलटं आहे. चांदीची घनता १०.५, सोन्याच्या जवळपास निम्मी, आणि भाव कितीतरी कमी. एका औंस सोन्याला ८० औंस चांदी असं गुणोत्तर धरलं तर तेवढ्याच किमतीची चांदी ठेवायला सुमारे दीडशे पट जागा लागते. वर ती काळी पडते (किमतीला फरक पडत नाही, पण विकताना घेणारा कुरकुर करतो), आणि खरेदी-विक्रीतला फरक सोन्यापेक्षा खूप जास्त. युरोपियन युनियनमध्ये गुंतवणुकीच्या सोन्यावर व्हॅट नाही पण चांदीवर आहे, म्हणजे घरी आणली की तेवढे पैसे त्याच दिवशी गेले, आणि म्हणूनच तिथले लोक मोठी चांदी कर न लागणाऱ्या बॉन्डेड तिजोऱ्यांत ठेवतात. त्यामुळे चांदी थोडी असेल तर एका औंसाची नाणी स्वतःकडे ठेवा, काही किलोंच्या पुढे जायचं असेल तर अलोकेटेड तिजोरीच बरी पडते. फक्त तिथला बार साधारण हजार औंसांचा, म्हणजे ३१ किलोच्या आसपास असतो हे आधीच माहीत असू द्या, आणि बाहेर काढताना घडणावळ, वाहतूक आणि कर मिळून किती लागेल हे पैसे भरायच्या आधी लेखी मागून घ्या.